अडकलेल्या बेझलबाबत खुलासा

पाणबुड्यांच्या घड्याळाची बेझल, म्हणजे पाण्याखालचा वेळ मोजण्यासाठी फिरवायची काचेभोवतीची कडी, अडकल्यास तेलाचा फवारा मारावा आणि ती उजवीकडे फिरत नसेल तर पक्कडीने जोर लावावा, हा सध्या फिरणारा सल्ला चुकीचा आहे. सेइको एसकेएक्स००७सारख्या घड्याळाची १२० टप्प्यांची बेझल मुळातच फक्त काट्यांच्या उलट दिशेने फिरते, कारण चुकून धक्का लागला तरी पाण्याखाली घालवलेला वेळ जास्त दिसावा, कमी नव्हे. हा दोष नसून पाणबुड्याच्या जिवाची काळजी आहे. बेझल अडकते ती बहुधा घाम, मीठ आणि धुळीमुळे, आणि तेलाने तर धूळ आणखीच चिकटते. म्हणून घड्याळाची जलरोधकता शाबूत असेल, तरच क्राऊन (वेळ लावायची बाजूची चावी) घट्ट बंद करून ते कोमट साबणपाण्यात थोडा वेळ ठेवावे आणि मऊ ब्रशने फट घासत बेझल हळूहळू फिरवावी. तरीही न हलल्यास घड्याळजींकडे न्यावे.