संगणकांवरची आच्छादने काढा

आज शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला गेलो होतो. बैठक आटोपल्यावर संगणक कक्ष पाहण्याची इच्छा व्यक्त केली, तर किल्ली शोधण्यातच बराच वेळ गेला. दार उघडले तेव्हा आत संगणक ओळीने मांडलेले होते, प्रत्येकावर फुलाफुलांचे आच्छादन होते आणि कोपऱ्यातील गणित पेटीतले दशकाचे दांडे अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही आलेले नव्हते. हे मुलांना कधी मिळते, असे विचारल्यावर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "पोरांच्या हातात दिले तर चार दिवसांत वाट लावतील." बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझा संताप अजून उतरलेला नाही.

माझी मुलगी सहावीत आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब तिला आजोबांनी शिकवला. गेल्या महिन्यात तिने घरच्या जुन्या लॅपटॉपवर एका रकान्यात तिथी भरल्या, शेजारच्या रकान्यात ०.७५ ने गुणण्याचे सूत्र लिहिले आणि ते खाली ओढले. पंचमीसमोर ३.७५ आले. "म्हणजे तीन वाजून पंच्याहत्तर मिनिटे?" तिने विचारले आणि स्वतःच गोंधळून थांबली. मी काही सांगण्याआधीच तिने दुसरीतले पुठ्ठ्याचे घड्याळ शोधून आणले, मिनिटकाटा तबकडीच्या पाऊण भागापर्यंत फिरवला आणि ओरडली, "पावणेचार!"

दशांश अपूर्णांक तिला शाळेत शिकवून झाले होते, गुणही चांगले मिळाले होते. तरीही ते समजले त्या संध्याकाळी, कारण सूत्र तिने स्वतः लिहिले होते आणि काटाही स्वतः फिरवला होता.

यात नवीन काही नाही, याचेच मला अधिक वाईट वाटते. याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, बोर्डीला, ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. माँटेसरी पद्धतीचे महागडे साहित्य खेड्याला परवडणारे नाही हे ओळखून त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शंखशिंपले, बिया, पाने अशा परिसरातल्याच वस्तूंना शैक्षणिक साहित्य केले आणि ते थेट लहान मुलांच्या हाती दिले. त्यांच्याकडे पैसा नव्हता आणि मुलांवर विश्वास होता. आमच्याकडे शासनाने आणि देणगीदारांनी दिलेले सगळे आहे, आणि त्याला कुलूप आहे!

पावसाळ्यात वीज जाते, खाऱ्या हवेने यंत्रे गंजतात, हे मान्य. पण बंद खोलीतला संगणक काय गंजत नाही? मोबाइलमुळे मुलांचे लक्ष उडते, हेही खरे आहे. मात्र रील पाहत बसणे आणि पौर्णिमेला सूत्र सव्वाअकरा दाखवते, भरती मात्र त्यानंतर का येते, असे आजोबांना विचारणे, या दोन गोष्टींना एकाच मापाने मोजू नये. माझ्या मुलीने तो प्रश्न विचारला, आणि आता ती रोज धक्क्यावर जाऊन खरी वेळ तिसऱ्या रकान्यात भरते.

याच मुलांना उद्या शिष्यवृत्तीचा आणि प्रवेशाचा अर्ज भरायचा आहे. २०२१ पासून शेतातल्या पिकाची नोंदही मोबाइलवरच करावी लागते. ती करून घेण्यासाठी आपली शिकलेली तरुण मुले तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात पैसे मोजून रांगेत उभी राहतात, ते मला पाहवत नाही.

लिहिता लिहिता आमच्या गुरुजींचा विचार मनात आला आणि राग थोडा निवळला. दोनच शिक्षक, चार-चार इयत्ता, त्यात रोजची ऑनलाइन माहिती. शिवाय प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढलेली असते आणि ती मोडली तर जाब त्यांनाच विचारला जातो. अशा परिस्थितीत मीही कदाचित कुलूपच लावले असते. म्हणून पुढच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे: मुलांच्या वापराने जे बिघडेल त्याची दुरुस्ती समितीने करावी, शिक्षकांकडून एक रुपयाही वसूल करू नये आणि कक्षाची किल्ली सातवीच्या वर्गात टांगलेली असावी. ठरावाला अनुमोदक लागेल. गावातल्या पालकांनी कृपया मला फोन करावा.