परदेशातून : कमान नंतर बांधू

कर्नाटकातल्या आमच्या निपाणीकडच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या दाराशी कमान बांधायचं ठरलं आणि व्हॉट्सॲपच्या गटावर भांडण पेटलं. वरची ओळ मराठीत की कन्नडमध्ये? मी कुवेतमध्ये नर्स आहे. रात्रपाळी संपवून खोलीवर आले की आधी ते मेसेज वाचायचे आणि मग झोपायचं, असं महिनाभर चाललं. मीही लिहिलं, भरपूर लिहिलं. 1 नोव्हेंबर 1956 ला आम्हांला न विचारता रेषा ओढून आम्हां मराठी माणसांना आजच्या कर्नाटकात टाकलं, 2004 पासून या सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, निदान देवाच्या घरावर तरी आमची अक्षरं वर असू देत, असं. त्यातलं काही मी मागे घेत नाही. सरकारी कागदापासून बसच्या पाटीपर्यंत ज्याला आपली लिपी शोधावी लागते, त्याला भाषेचा हट्ट सोड म्हणणं परदेशात बसून फार सोपं असतं.

पण त्याच दिवसांत, 2025 च्या फेब्रुवारीत, बेळगावजवळ बसमध्ये भाषेवरून वाद झाला, कंडक्टरला मारहाण झाली, मग गाड्यांना काळं फासणं सुरू झालं आणि दोन राज्यांमधल्या एसट्या थांबल्या. माझ्या आईला त्या आठवड्यात कोल्हापूरला जायचं होतं. डोळ्याच्या पडद्याचं इंजेक्शन. ती तारीख पुढे ढकलून चालत नाही, हे मला कामामुळे चांगलं ठाऊक आहे. मी गटावर विचारलं, कुणी सोबत जाईल का? वर-खाली कमानीचे मेसेज येत राहिले. माझा मेसेज वर सरकत सरकत दिसेनासा झाला.

आईला नेलं शेजारच्या अक्काच्या मुलानं. घरात कन्नड बोलणारी, लिंगायत माणसं. तो छोटा हत्तीतून भाजी कोल्हापूरच्या बाजारात नेतो. पहाटे आईला पुढं बसवलं, सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला, माल उतरवला, दवाखान्यात नेऊन नाव लावलं आणि दुपारपर्यंत बाहेर थांबला. आईच्या डोळ्यावर पट्टी होती, म्हणून जिना उतरताना हात धरला. डिझेलचे पैसे घेतले नाहीत. घरी आल्यावर आईनं त्याच्यापुढं भाकरी वाढली, तेवढी मात्र पोटभर खाल्ली.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे लुटारूंनी वाटेत जखमी करून टाकलेल्या माणसाला परक्या शोमरोनी माणसानं वाचवल्याची येशूची गोष्ट, मी रविवारच्या शाळेपासून ऐकत आले. पण यहुदी आणि शोमरोनी यांचं भांडण जागेचं होतं, उपासना गरिज्जीम डोंगरावर करायची की यरुशलेमेत, याचं होतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा अंगाला लागलं. दाखला सांगताना येशूनं त्या वादाचा निकाल दिला नाही. शोमरोन्यानं जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, दोन दिनार दिले, जास्त लागले तर परत येताना देईन म्हणाला, एवढंच सांगितलं. दिनार म्हणजे तेव्हा मजुराचा एक रोज. म्हणजे त्या माणसानं दोन दिवसांची मजुरी मोजून दिली आणि पुढच्या खर्चाचीही हमी घेतली. मला त्या दाखल्यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा हिशेब. दयेलाही वेळ काढावा लागतो, पैसे बाजूला ठेवावे लागतात.

इथं कुवेतमध्ये शुक्रवारी उपासना असते. एकाच आवारात मल्याळी, तमिळ, तेलुगू, अरबी, किती तरी भाषांच्या मंडळ्या. सभागृह ठरलेल्या तासांपुरतं मिळतं. आमचं गीत लांबलं तर बाहेर दुसऱ्या भाषेची लेकुरवाळी माणसं उन्हात ताटकळतात, म्हणून आम्ही वेळेवर संपवतो. उन्हाळ्यात आमच्यातल्या काही जणी गार पाण्याच्या बाटल्या घेऊन रस्त्यावरच्या मजुरांकडे जातात. जून ते ऑगस्ट अकरा ते चार उघड्यावर काम घेऊ नये असा इथला नियम आहे, पण चारनंतरचं ऊनही ऊनच असतं. बाटली घेणारा बहुधा मुसलमान असतो. तो हातावर हात ठेवतो, आम्ही पुढे जातो.

म्हणून कुवेतचं उदाहरण गावाला लावा, असं मी म्हणणार नाही. इथं ही जमीन आमच्यापैकी कुणाचीच नाही. उद्या व्हिसा संपला की सगळे सारखेच निघणार. ज्याला काही गमवायचं नाही त्याला समजूतदार होणं जड जात नाही. निपाणीत अक्काच्या मुलानं जे केलं ते जास्त अवघड होतं, कारण त्याला परत त्याच गल्लीत, त्याच मित्रांत राहायचं होतं.

गावाकडे दुसरीही भीती आहे. कर्नाटकचं धर्मांतराविरोधातलं विधेयक डिसेंबर 2021 मध्ये बेळगावच्याच अधिवेशनात विधानसभेत मंजूर झालं, 2022 मध्ये कायदा झाला. त्यात भेटवस्तू, पैसा, नोकरी, मोफत शिक्षण यांनाही आमिष म्हटलं आहे. तेव्हापासून आमच्या बायका सरकारी दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना भाकरी-झुणका न्यायला कचरतात. मला वाटतं, न्यावी. सोबत पत्रक नको, मोठ्यानं प्रार्थना नको, नाव-गाव विचारणं नको. भुकेल्याला भाकरी देऊन आपण मोकळं व्हावं.

गटावर एका काकांनी मराठीच्या बाजूनं जुने ख्रिस्ती मराठी लेखक बाबा पदमनजी यांचं नाव काढलं. खरंच आहे, ते 1831 ला बेळगावात जन्मले, 1854 ला ख्रिस्ती झाले. पण काका, 1857 ला त्यांनी ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिली ती विधवांच्या हालांवर. मराठी त्यांनी कुणासाठी राबवली, तेही बघायला हवं ना?

मी कमिटीला कळवलं आहे. कमानीसाठी कबूल केलेले माझे पैसे आजारी माणसांच्या गाडीभाड्याला वापरा, मंडळीतला असो की बाहेरचा. आणि सोबत जाऊ शकणाऱ्या दहा जणांची नावं, फोन नंबर आणि मोकळे वार लिहून पाळकसाहेबांकडे ठेवा. कमान होईल, तेव्हा वरची ओळ मराठीतच असावी म्हणून मी पुन्हा भांडेन. यादीत अजून चारच नावं आली आहेत. त्यातलं एक अक्काच्या मुलानं स्वतःहून दिलं आहे.