खेचराला पुरलेला सुरुंग कळत नाही

माझे सासरे लष्करात खेचरांच्या तुकडीत होते. परवा नातवाने त्यांना एक फॉरवर्ड पाठवला. त्यात म्हटलं होतं की तुर्कस्तान-इराक-इराण सीमेवर मरणारी कुर्दांची (त्या डोंगराळ सीमाभागात राहणाऱ्या लोकांची) खेचरं शस्त्रंच वाहतात, त्यांना सुरुंगाचा वास येतो म्हणून सुरुंगाने ती मरत नाहीत, आणि मेली तरी त्यांची पिल्लं असतातच. सासऱ्यांनी तो दोनदा वाचला आणि फोन पालथा ठेवला. त्या दिवशी ते नीट जेवलेही नाहीत.

पिल्लांचं आधी उरकते. खेचर म्हणजे गाढव आणि घोडी यांची संतती. ते वांझ असतं. एक गेलं की दुसरं विकतच घ्यावं लागतं.

सुरुंगाचं वाचून मात्र संताप आला. खेचर पाऊल जपून टाकतं, हे खरं, तेवढं मान्य. "ठिसूळ कड दिसली की अडतं," सासरे म्हणाले, "पण मातीखाली काय आहे ते त्याला कोण सांगणार?" वासावर सुरुंग शोधणारे प्राणी आहेत, पण ते शिकवून तयार केलेले. कंबोडियात नावाजलेला मगावा हा आफ्रिकन उंदीर जेमतेम सव्वा किलोचा होता, त्याच्या वजनाने सुरुंग उडत नसे. खेचर तीन-चार क्विंटलचं, वर खोगीर आणि ओझं! इराण-इराक सीमेवर १९८०-८८ च्या युद्धातले सुरुंग अजून जमिनीत आहेत, आणि इराणच्या बाने, सरदश्त या सीमेजवळच्या गावांकडच्या वाटा त्याच डोंगरांतून जातात.

आता शस्त्रं. तस्करी होते, नाकारत नाही. कर चुकवून डिझेल, सिगारेटी, चहा येतो. २८ डिसेंबर २०११ च्या रात्री तुर्कस्तानातल्या रोबोस्की गावचे लोक खेचरांवर डिझेल आणि सिगारेटी लादून परतत होते. तुर्की विमानांनी बॉम्ब टाकले. ३४ माणसं गेली, त्यांत बरीच शाळकरी वयाची मुलं, आणि सोबतची खेचरंही. घोंगड्यांत गुंडाळलेली प्रेतं गाढवांवर लादून डोंगराखाली आणली. २०१४ साली तुर्कस्तानच्याच लष्करी सरकारी वकिलांनी खटला न भरता प्रकरण बंद केलं, तेव्हा कारण काय दिलं? 'अटळ चूक'. शस्त्रं सापडली असती तर चूक म्हणायची वेळच आली नसती.

बाळा, ज्या ज्या ग्रुपवर ते टाकलंस, तिथे हेही टाक. आणि आजोबांना फोन कर.