मानमोडीला दारू पाजू नका

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी साडेसहाला आत्याचा फोन आला. "आरं, चार कोंबड्यांनी मान टाकली. तंबाखूचं पानी पाजलंय, दोन चमचं दारूबी दिली. आनि काय करू?" दारू कुणी सांगितली, विचारलं. "त्या मोबाइलवर आलंय की. धाकट्या जावेच्या पोरानं धाडलंय."

शुक्रवारपर्यंत चौदातल्या अकरा गेल्या. उरलेल्या तिघींतल्या एकीची मान अजून वाकडी आहे. दाणा टिपायला जाते आणि चोच भलतीकडेच पडते.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. वर 'आजोबांचं कोंबडीशास्त्र', खाली हात जोडलेले, शेवटी 'जास्तीत जास्त शेतकरी बांधवांपर्यंत पोचवा'. मी डॉक्टर नाही. नऊ वर्षं घरामागच्या परड्यात हौसेनं वीस-पंचवीस गावठी कोंबड्या पाळतो, खुडूक, म्हणजे अंडी उबवायला आलेली कोंबडी, बसवून पिल्लं काढतो, एवढंच. पण त्या मेसेजमधलं निम्मं खोटं आहे हे कळायला एवढंही पुरतं.

सुरुवातच अशी: 'गावठी कोंबडीला मुळात रोग होत नाही, हे सगळे रोग ब्रॉयलरनं आणले.' आत्याच्या कोंबड्यांना झाली ती मानमोडी, कोंबडीची मान वाकडी करणारा विषाणूचा रोग. तिचं कागदावरचं नाव राणीखेत. राणीखेत हे कुमाऊंमधलं, आजच्या उत्तराखंडातलं गाव. १९२७-२८ च्या सुमारास तिकडच्या कोंबड्यांत हा रोग आढळला म्हणून आपल्याकडे तेच नाव रूढ झालं. त्याच्या थोडं आधी, १९२६ साली, जावा बेटावर आणि इंग्लंडात न्यूकॅसलला तो दिसला होता, म्हणून बाकीचं जग त्याला न्यूकॅसल म्हणतं. आता मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं, १९२७ साली राणीखेतात ब्रॉयलरचं शेड कुणी टाकलं होतं? तेव्हा मेल्या त्या दारातल्याच कोंबड्या.

अजून एक गोष्ट. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी याच रोगावर आय-टू नावाची, उष्णता बऱ्यापैकी सोसणारी लस तयार केली. कुणासाठी? मोझांबिक, टांझानियासारख्या देशांतल्या खेड्यांसाठी, जिथं फ्रिज नाही आणि कोंबडी झाडावर झोपते. गावठी कोंबडीला रोगच होत नसता तर एवढा खटाटोप कशाला केला असता?

गावठी कोंबडी काटक असते, हे खरं. ऊन सोसते, घार दिसली की पिल्लं पंखाखाली घेते, उकिरड्यावर पोट भरते. पण काटक म्हणजे विषाणू अंगाला लागत नाही असं नव्हे. लस न दिलेल्या खुराड्यात जोराची मानमोडी शिरली की बहुतेक जातात, कधी एकही उरत नाही. आजोबांच्या काळीही खुराडी अशीच रिकामी व्हायची. लोक बाजारातून पुन्हा दोन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणायचे आणि नव्यानं सुरुवात करायचे. त्याला शास्त्र म्हणायचं असेल तर म्हणा.

पुढचा मुद्दा: 'लस दिली की अंडी बंद होतात आणि पिल्लं मरतात.' आत्याचाही पहिला आक्षेप हाच होता. इथं मात्र मला नाइलाजानं थोडं मान्य करावं लागतं. आर-टू-बी नावाची सुईनं द्यायची लस जरा जहाल असते. ती सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना टोचली तर पिल्लं दगावू शकतात आणि अंड्यावरच्या कोंबडीला टोचली तर काही दिवस अंडी घटतात. म्हणूनच तिची वेळ ठरलेली आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा नावाच्या दुसऱ्या लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास लासोटा पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात, म्हणजे अंडी सुरू व्हायच्या कितीतरी आधी, आर-टू-बी. वेळ चुकवायची आपण आणि नाव लशीचं खराब करायचं, हा कुठला न्याय?

'लस देऊनही मेल्या' म्हणणारेही भेटतात. त्यांना विचारा, कुपी आणली कशात? लासोटा ही जिवंत लस आहे, उन्हात गेली की संपली. दुकानातून खिशात घालून एसटीनं दोन तास आणलेली कुपी म्हणजे नुसतं पाणी. पाण्यातून द्यायची तर नळाचं क्लोरीनचं पाणी चालत नाही. विहिरीचं गार पाणी घ्यायचं, त्यात थोडी साय काढलेल्या दुधाची पावडर घालायची आणि दोनेक तासांत सगळं पिऊन संपलं पाहिजे. काहीजण तर साथ खुराड्यात शिरल्यावर लस देतात. रोग आधीच अंगात मुरलेला असतो, कोंबड्या मरतात आणि बोल लशीला लागतो.

खरी अडचण वेगळीच आहे आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. कुपी येते शंभर-दोनशे मात्रांची, आत्याकडे कोंबड्या चौदा. एकदा विरघळवली की उरलेली ठेवता येत नाही. चौदा कोंबड्यांसाठी कोण कुपी फोडणार? म्हणून परसातली कोंबडी बिनलशीची राहते.

आता तो उपाय, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. 'मान वाकडी झाली की तंबाखूचं पाणी, दोन चमचे दारू आणि हळदीची गोळी. तीन दिवसांत कोंबडी टणटणीत.' मानमोडीवर औषध नाही. आहे ती फक्त लस, तीही आधी दिलेली. हिरवट पातळ हगवण, चोच उघडी टाकून धापा, एक पंख लोंबणं, मग मान पिळवटणं, हे सगळं विषाणू आतड्यांत, श्वासनळीत आणि मेंदूपर्यंत पोचल्याचं लक्षण आहे. त्यावर दारू म्हणजे तोल गेलेल्या जिवाचा उरलासुरला तोल घालवणं. हळद निरुपद्रवी आहे, सोडून देऊ.

पण तंबाखू? त्यातलं निकोटीन एवढं जहाल की पूर्वी त्याचंच कीटकनाशक करायचे आणि कोंबड्यांच्या उवा मारायला बसायच्या दांडीला लावायचे. 'आजोबा तंबाखू वापरायचे' यातलं सत्य बहुधा एवढंच असावं: खुडूक कोंबडीच्या टोपलीत उवा होऊ नयेत म्हणून तंबाखूचं पान ठेवायचे. टोपलीतलं पान चोचीत कधी गेलं ते त्या मेसेजवाल्यालाच ठाऊक. आत्याच्या अकरातल्या किती मानमोडीनं गेल्या आणि किती तंबाखूनं, ते आता कोण सांगणार?

'पण आमची बरी झाली!' होते. प्रत्येक साथीत एखाददुसरी काही न देताही वाचते. तिला दारू पाजलेली असली की श्रेय दारूला.

याहून वाईट ओळ त्याच्या खाली आहे: 'एखादी सुस्त दिसली की लगेच बाजारात काढा, नुकसान टळेल.' तुमचं टळेल, बाकी तालुक्याचं काय? मानमोडी गावोगाव फिरते ती अशीच, आठवडी बाजारातल्या पाय बांधलेल्या कोंबडीतून आणि जत्रेहून पिशवीत आणलेल्या कोंबड्यातून. नवी कोंबडी आणली की पंधरा दिवस वेगळ्या डालग्याखाली ठेवायची. मेलेली ओढ्यात न टाकता खोल खड्डा काढून चुना घालून पुरायची. आणि पटापट मरायला लागल्या तर लपवायचं नाही, पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगायचं. नुसत्या डोळ्यांनी मानमोडी आणि बर्ड फ्लू यांतला फरक कळत नाही. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापुरात निघाला होता, २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात पुन्हा.

बाकीचे मुद्दे पटकन उरकतो.

'टोकदार अंड्यातून कोंबडा, गोल अंड्यातून तलंग.' ॲरिस्टॉटलनं बरोबर उलटं सांगितलं होतं: लांबट टोकदार अंडं मादीचं. दोघंही चुकले. नर की मादी हे कोंबडीच्या बीजावरून ठरतं, आणि ते कवच चढायच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं. फार टोकदार किंवा वेडंवाकडं अंडं उबवायला ठेवू नये, हे मात्र बरोबर, कारण त्यातून पिल्लू निघण्याचीच खात्री कमी.

'मेघगर्जनेनं अंडी बिघडतात, टोपलीत लोखंडी खिळा ठेवा.' ठेवा. कुणाचं काही जात नाही. सातव्या रात्री विजेरी लावून अंडं पाहिलंत तर बीज धरलंय की नाही ते कळेल, ते खिळा सांगत नाही.

'घरचाच कोंबडा वर्षानुवर्षं ठेवा, बीज शुद्ध राहतं.' याचा मला खरोखर राग येतो. बाप लेकींवर, मग नातींवर. तिसऱ्या-चौथ्या पिढीत पिल्लं अंड्यातच मरतात, निघतात त्यांची वाढ खुंटते आणि आपण खुडूक कोंबडीला नावं ठेवतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा, आणि दर वर्ष-दोन वर्षांनी तो लांबच्या गावातल्या ओळखीच्या माणसाकडून बदलून घ्यायचा.

'दहा कोंबड्यांत महिना पंधरा हजार.' गावठी कोंबडी वर्षाला पन्नास ते ऐंशी अंडी देते, कारण मध्ये ती खुडूक बसते, पिल्लं फिरवते. दहांची धरा सहाशे. अंडं पंधरा रुपयांना विकलं तरी वर्षाचे नऊ हजार. वर्षाचे.

आणि 'सरकारला गावठी कोंबडी संपवायची आहे.' २०१९ च्या पशुगणनेत देशात परसातले पक्षी ३१.७ कोटी निघाले, २०१२ पेक्षा जवळजवळ ४६ टक्के जास्त. व्यापारी फार्मवरचे वाढले साडेचार टक्के. संपवण्याची ही पद्धत अजबच म्हणायची.

आत्याला एवढं सगळं फोनवर सांगितलं नाही. रविवारी गेलो. तिच्या गल्लीतली सहा घरं फिरून कोंबड्या मोजल्या, पिल्लं धरून त्रेसष्ट भरली. शंभराची एक कुपी पुरते. येत्या रविवारी सकाळी, खुराडी उघडायच्या आत, सगळ्यांनी आपापल्या धरून ठेवायच्या असं ठरलंय. बर्फाचा थर्मास घेऊन तालुक्याहून कुपी आणायचं काम मेसेज धाडणाऱ्या पोराला दिलंय. तो म्हणाला, उन्हाचं जायचं का? आत्या म्हणाली, "मग काय, दारू पिऊन जातूस?"