पंचवीस पिक्सेलांचा सूर्यनारायण

सूर्याचा व्यास सुमारे 13,92,000 किलोमीटर. पण पृथ्वीजवळून, फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या 50 मिलिमीटर भिंगातून, 1920 पिक्सेल रुंद चित्रात त्याला बसवला की तो भरतो जेमतेम 25 पिक्सेल. संगणकावर अवकाशाचे चित्र रचताना एवढ्याशा टिकलीला तेज चढवण्यात अख्खी रात्र जाते, हे ज्याने केलेले नाही त्याला सांगून पटत नाही.

मुळात गोम अशी की, अवकाशात सूर्याभोवती ती झळाळी नसतेच. करोना, म्हणजे सूर्याभोवतीचे विरळ वायूचे आवरण असते, पण त्याचे तेज बिंबाच्या दहा लाखांशाच्या आसपास. तो आपल्या कामाचा नाही. हवा नाही, उजेड विखुरणार कशावर? झळाळी होते ती भिंगात, नाहीतर आपल्याच डोळ्यात. म्हणजे मी जो खटाटोप करतो तो सूर्य दाखवण्याचा नव्हेच. जो कॅमेरा तिथे नाही, त्याच्या भिंगातला दोष हुबेहूब वठवण्याचा तो उद्योग आहे. भिंगातला दोष काढायला लोक पैसे मोजतात, मी तो घालायला जागतो.

पहिली पळवाट सगळ्यांना ठाऊक असते: कडेला विरत जाणारे गोल चित्र बिलबोर्डवर, म्हणजे कायम कॅमेऱ्याकडे तोंड असलेल्या सपाट चौकटीवर चिकटवा आणि अ‍ॅडिटिव्ह मिसळणीने (मागच्या तेजात त्याचे तेज मिळवून) सूर्यावर ठेवा. चित्राच्या कडेला तेज 0 ऐवजी 255 पैकी 2 उरले असेल तर काळ्या आकाशात सूर्याभोवती फिकट चौकोन दिसतो. तो आपल्याला दिसत नाही, दुसऱ्या कोणाच्याही स्क्रीनवर आधी तोच दिसतो. मग सूर्य ग्रहाआड जातो. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, तशी झळाळी ग्रहाच्या पोटातून बाहेर पडते. सूर्याच्या मध्यावर एकच डेप्थ चाचणी (पुढे काही आड आले आहे का, हे पाहणारी) केली तर ती बटण दाबल्यासारखी फटकन विझते. बिंबावर सोळाएक ठिकाणी चाचणी घ्यायची आणि जितके बिंदू उघडे, तितकी झळाळी ठेवायची. मग कुठे ती सावकाश मावळते.

ब्लूम, म्हणजे चित्रातले अतितेजस्वी भाग पुसट पसरवून झळाळी काढणारा परिणाम, वापरला तर ही कटकट टळते आणि दुसरी सुरू होते. ब्लूम टोन मॅपिंगच्या (खरे तेज पडद्याच्या 0 ते 255 मध्ये बसवण्याच्या) आधी लावायचा, नंतर नाही. नंतर लावला तर सूर्यही 255 आणि उन्हातले पांढरे यानही 255. दोघे सारखेच झळाळतात. खरे तर उन्हातला शुभ्र पृष्ठभाग 1 धरला, तर सूर्याचे बिंब साधारण 46,000 भरते. तेज ज्यात साठवतात त्या सोळा बिटांच्या हाफ-फ्लोट आकड्याची मर्यादा 65,504, म्हणजे सूर्य मावतो, पण दाटीवाटीने. वर एक झळाळी बेरजेत आली की आकडा अनंत होतो आणि ब्लर त्या अनंताला पसरवून सूर्याच्या जागी काळे चौकोन काढतो. ग्रहण लावायचे असेल तर हा सर्वात स्वस्त मार्ग.

शिवाय हिशेब बघा. त्या 25 पिक्सेलांच्या बिंबाचे सगळे तेज 1920 × 1080 चित्रात सारखे वाटले, तर प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला पांढऱ्याच्या दहापट येते. भिंगाने 1 टक्का जरी विखुरला तरी आकाश राखाडी! म्हणून ब्लूमचा सरकपट्टा ‘थोडासाच’ पुढे नेणाऱ्याचा हात मी धरतो.

आकाराचेही तसेच. एकच गॉसियन ब्लर (मध्यापासून झपाट्याने विरणारा पुसटपणा) दिला तर सूर्य कापसाचा बोळा होतो. खरी झळाळी मध्याशी टोकदार आणि दूरवर रेंगाळणारी असते. डोळ्यातली चमक ढोबळमानाने कोनाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरते. त्यासाठी चित्र निम्मे, पाव, अष्टमांश असे पाच-सहा वेळा लहान करून, प्रत्येकावर ब्लर देऊन बेरीज करायची. ती लांब शेपटी आठ बिटांत, म्हणजे 256 पायऱ्यांत उतरली की झाडाच्या बुंध्यासारखी वलये दिसतात. उपाय म्हणजे आठ बिटांत उतरवण्याआधी एका पायरीएवढा डिथर, म्हणजे मुद्दाम मिसळलेला बारीक कणकणीतपणा. व्हिडिओ दाबताना तो डिथर पुसला जातो आणि वलये परत येतात, तेव्हा दहा बिटांकडे वळावे.

रंगाबद्दल भांडू नये, पण अवकाशातला सूर्य पांढराच असतो. पिवळेपणा आपल्या हवेचा. किरणांचेही गणित आहे: भिंगातल्या झडपेची (उजेडाचे छिद्र लहान-मोठे करणाऱ्या) पाती सम असतील तर तितकेच किरण, विषम असतील तर दुप्पट. सहा पात्यांचे सहा, सात पात्यांचे चौदा. पाच किरणांचा सूर्य काढणाऱ्याने आपली झडप दाखवावी.

नेपच्यूनजवळ गेलात तर सूर्य एका पिक्सेलहून लहान होतो आणि कॅमेरा हलला की लुकलुकतो. तिथे बिंब एका पिक्सेलएवढे धरून क्षेत्रफळ वाढले त्या प्रमाणात तेज घटवायचे.

हे सगळे जमले की चित्र पाहणारा विचारतो, “तारे कुठे गेले?” उन्हातल्या ग्रहासाठी एक्सपोजर धरले तर तारे दिसत नाहीत, चंद्रावरच्या अपोलोच्या फोटोंतही दिसत नाहीत, हे सांगून उपयोग होत नाही. तारे उजळावे लागतात. उजळले की तेही ब्लूममध्ये सापडतात आणि प्रत्येकाभोवती चौदा-चौदा किरण फुटतात. तेव्हा तारे वेगळ्या थरावर ठेवावेत आणि ब्लूमनंतर जोडावेत. ग्रहाची जागा झाकणारा मास्क लावायला मात्र विसरू नये, नाहीतर ते ग्रहाच्या काळ्या बाजूवरही उगवतात.