नायिकेला दिवाळीच्या आत घरी आणा

दिवाळी अंकासाठी स्त्रीस्वातंत्र्यावर कथा लिहिताय? अभिनंदन. मीपण दिली होती यंदा. माझी चुकली, तुमची चुकू नये म्हणून हे चार शब्द.

पहिलं म्हणजे नायिकेला त्रास द्या. भरपूर द्या. नवरा दारुडा असला तर उत्तम, नाहीतर सासू खाष्ट, तेही जमत नसेल तर निदान त्याचं ऑफिसात कुणाशीतरी जुळवून टाका. धडधाकट सुखवस्तू बाई उगाच घराबाहेर पडली की संपादकांना ॲसिडिटी होते. माझी नायिका 52 वर्षांची, चिंचवडची, नवरा बँकेतून रिटायर, स्वभावाने गरीब, स्वतःचा चहा स्वतः करतो. ही बाई वाईला एक खोली भाड्याने घेते आणि राहायला जाते. बास, एवढीच कथा. संपादकांचा फोन आला, मॅडम छान जमलीये हो, पण ती का जाते? म्हटलं, जावंसं वाटतं म्हणून. नाही पण कारण? मारतो का? नाही. मग बाहेर काही... म्हटलं कुणाचं, त्याचं का तिचं? त्यावर ते जरा खोकले. मग म्हणे आजारी दाखवूया का, म्हणजे शेवटचे दिवस नदीकाठी वगैरे.

कवितेचं त्यामानाने सोपं. पिंजरा, पक्षी, आकाश. पक्ष्याने आकाशाकडे बघायचं फक्त. उडाला की कविता संपते, मग पुढच्या 8 मार्चला काय वाचणार?

उंबरठा हवाच. (आमच्या फ्लॅटला उंबरठा नाही, बिल्डरने ग्रॅनाइटची पट्टी बसवलीये. ती रोज ओलांडते, दूध आणायला.)

संतांचा एक तरी दाखला द्या. 'डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी' ही जनाबाईची ओळ सूत्रसंचालकांना फार आवडते, सभागृहात टाळ्या पडतात. सातशे वर्षांपूर्वी जनी भरल्या बाजारात निघाली ते बरं झालं, आज निघाली असती तर बाजारात काय काम आहे, विठोबाला विचारलंय का, आणि परत कधी येणार, एवढं तरी कथेत स्पष्ट करा म्हणून फोन आला असता.

टोपणनाव घेऊन बघा. मालतीबाई बेडेकरांनी 1933 मधे 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर या नावाने काढलं, तर लोक मजकूर सोडून ही बाई नक्की कोण ते शोधत बसले.

आता सगळ्यात महत्त्वाचं, शेवट. शेवटी तिला परत आणा. तुम्ही नाही आणलंत तर ते आणतात. मी खोलीतली पहिली रात्र लिहिली होती, ती नऊ वाजता चहा-खारी खाते, तेच जेवण, मग कॉटवर आडवीतिडवी झोपते, पाय एका कोपऱ्यात, डोकं दुसऱ्या, कारण तीस वर्षं कडेला अंग चोरून झोपलीये. तिथे कथा संपत होती. अंक घरी आला, पान उलटलं, आणि खाली अडीच नवी वाक्यं! म्हणे पहाटे तिला अंगणातल्या तुळशीची आठवण आली, डोळे भरून आले, तिने पहिली एसटी पकडली. तुळस? अहो चौथ्या मजल्यावर राहते ती, अंगण कुठून आणलंत? आणि खारी कापली. बाई रात्री खारी खाऊन झोपते हे वाचकांना पटणार नाही म्हणे.

इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस'चंही हेच झालं होतं. 1879 चं नाटक, नोरा घर सोडून जाते. जर्मनीतली नटी अडून बसली, मी मुलांना टाकून जाणार नाही, मग त्याला स्वतःच दुसरा शेवट लिहावा लागला, नोरा मुलांच्या खोलीच्या दाराशी कोसळते असा. जन्मभर त्या शेवटाला शिव्या घातल्या त्याने. पण निदान त्यालाच लिहायला तरी लावलं हो! मला साधा एक मेसेज नाही.

हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' कादंबरीत यमूचं केशवपन लिहिलं तेव्हा घरोघरी विधवांचं ते होत होतं, म्हणून लिहिलं. तुम्हा संपादकांना अजून तेच लागतं. बाई रडली की कथा दमदार, बाई मजेत एकटी राहिली की कथा अपुरी. नायक हिमालयात जातो तेव्हा विचारता का कारण? तो स्वतःला शोधायला जातो, आणि माझी बाई वाईपर्यंत गेली तर तुमच्या पोटात दुखतं. नवरा चांगला आहे ना मग का गेली, मग का गेली! तिची मर्जी. एवढे दोन शब्द सहन होत नाहीत तर मुखपृष्ठावर 'मुक्ता विशेषांक' कशाला छापता?

मानधन नाहीच, त्याची सवय आहे. तुम्ही पाठवलेल्या अंकाची ती एकुलती प्रत परत पाठवतेय. शेवटची अडीच वाक्यं लाल पेनाने खोडलीत आणि समासात खारी परत लिहिलीये. पुढच्या वर्षी कथेसाठी फोन करू नका.