ऐन गणपतीत भाच्याचं दिवाळं

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो, आणि गेमबद्दल आहे, त्यामुळे ज्यांना "या वयात गेम काय खेळतोस" म्हणायचंय त्यांनी खाली कमेंटमध्ये म्हणून घ्या आणि पुढे जा. आमच्या आईचं म्हणून झालेलं आहे.

तर यंदा गणपतीला ताई विरारहून देवगडला आली, सोबत भाचा, नववीतला. पोरगं पडवीत लॅपटॉप घेऊन बसलेलं, आरतीला हाक मारली की "आलो आलो" आणि येणार शेवटच्या घालीन लोटांगणला. बघितलं तर हॅकिंगचा ऑनलाईन गेम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात बंदुका नाहीत, गाड्या नाहीत, काळी स्क्रीन आणि त्यावर अक्षरं, तुम्हाला एक खोटा कॉम्प्युटर मिळतो, त्यात खोटे पैसे, आणि दुसऱ्या खेळाडूंच्या खोट्या कॉम्प्युटरात घुसून त्यांचे पैसे काढायचे, आपले सांभाळायचे. मला तर बघूनच गलबलून आलं कारण मी स्वतः असले गेम दुकानात गिऱ्हाईक नसताना दहाएक वर्षं खेळत आलोय.

तिसऱ्या रात्री पाऊस लागला आणि लाईट गेली. आमच्याकडे पावसात लाईट जाणं म्हणजे काय बातमी नाय, राऊटर बंद, मोबाईलला रेंज एक काडी, तीपण माडाखाली उभं राहिलं तर. सकाळी लाईट आली आणि पडवीतून बोंब. आई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत बाहेर, "काय झाला रे? कोणी मारल्यान तुका?" पोरगं रडकुंडीला येऊन म्हणतं, "आजी, माझं सगळं गेलं, अकाउंट खाली केलं." आईला वाटलं बँकेचं. तिने ताईला हाक मारली, ताईने भावोजींना, पाच मिनिटं घरात जो काही गोंधळ झाला तो विचारू नका. खोटे पैसे आहेत हे कळल्यावर आई पीठ झटकत आत गेली, जाताना मलाच बोलली, "ह्या सगळा तुझ्यामुळे."

मी शेजारी बसलो आणि म्हटलं लॉग उघड. लॉग म्हणजे आपल्या मशिनमध्ये कोण कधी आलं गेलं त्याची वही. त्यात सरळ दिसत होतं, रात्री दोन वाजून चौदा मिनिटांनी एकजण आत शिरला, पासवर्डची फाईल उचलली, पैसे वळवले आणि गेला. एकूण पन्नास सेकंद. आणि लॉग पुसलापण नाही! याचा मला जास्त राग आला. चोराने जाताना दार लोटून घ्यायची पण तसदी घेतली नाही, कारण त्याला माहीत होतं की हे पोरगं काय वही उघडून बघणार नाही आणि बघितलं तरी त्याचं काय वाकडं करणार.

आता खरी गंमत पुढे आहे. त्या गेममध्ये नवीन माणसाला पहिले काही दिवस संरक्षण असतं, कोणी हात लावू शकत नाही. भाच्याचं ते संपलं रात्री दोन वाजता. आणि दोन चौदाला तो लुटला गेला. योगायोग? अजिबात नाय. जुन्या खेळाडूंच्या स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम, रात्रंदिवस हेच बघत बसलेल्या असतात की आज कुणाचं कुंपण उठतंय. आमच्या बंदरात 31 जुलैच्या रात्री या म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, आणि त्या शेवटच्या रात्री बोटी बर्फ भरून, डिझेल भरून, जाळी चढवून तयार उभ्या असतात. माशांचं बरं आहे, त्यांना तेवढ्या दोन महिन्यांत निदान अंडी घालायला मिळतात. भाच्याला त्याच्या संरक्षणात काय मिळालं? काहीच नाही. कुणी हल्ला केला नाही म्हणून बचाव शिकला नाही, लॉग बघायची गरज पडली नाही, आणि पैसे मात्र साठवत बसला. म्हणजे गेमने त्याला खाऊ घालून गुबगुबीत केला आणि मग दार उघडलं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की नवख्यांसाठी नुसतं शील्ड, म्हणजे असलं संरक्षण, देणारे गेम नवख्यांचं भलं करत नाहीत. मोबाईलवर क्लॅश ऑफ क्लॅन्स खेळलेले बरेच जण इथे असतील, तिथे मार खाल्ला की शील्ड मिळतं, आणि वरच्या टाऊन हॉलवाल्याने, म्हणजे वरच्या लेव्हलच्याने, खालच्याला मारलं तर त्याला लूट कमी मिळते. त्यातली दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. शील्ड गरिबाला झाकतं, पण लूट कमी केली की मोठ्याचा हात आपोआप आखडतो. बुद्धिबळात खेळाडूची ताकद आकड्यात मांडणाऱ्या एलो रेटिंगचंपण तेच आहे, फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, 1970 ला घेतलेलं गणित, 400 पॉइंटचा फरक असला तर वरच्याकडून 100 डावांत साधारण 91 गुणांची अपेक्षा धरतात, त्यामुळे ग्रँडमास्तर लेव्हलच्या माणसाने तुम्हाला हरवलं तर त्याला जेमतेम 1 पॉइंट मिळणार आणि तो हरला तर 9 जाणार. कोण येईल मग तुमच्या वाटेला?

पण हॅकिंगच्या गेममध्ये हे जसंच्या तसं चालत नाही, आणि इथेच माझी या गेम बनवणाऱ्यांशी जुनी तक्रार आहे. बाकी गेममध्ये जुना माणूस मोठा असतो कारण त्याची लेव्हल मोठी. इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी एकात कालवलेल्या असतात, त्याचे साठलेले आकडे, त्याचं डोकं, आणि त्याने लिहून ठेवलेला कोड. 2014 मध्ये हॅकर एक्सपीरियन्स नावाचा ब्राउझरवरचा गेम आला होता, त्यात तुमचा क्रॅकर (पासवर्ड फोडणारा प्रोग्राम) समोरच्याच्या हॅशरपेक्षा (पासवर्ड राखणारा प्रोग्राम) वरच्या व्हर्जनचा असला तरच त्याचा पासवर्ड फुटायचा. आणि व्हर्जन वाढवायला रिसर्च, रिसर्चला वेळ. म्हणजे तुम्ही कितीपण हुशार असा, जो आधी आला त्याचा आकडा मोठा. याला मी हॅकिंग म्हणत नाही, ही रेशनची लाईन झाली.

उलट 2016 च्या हॅकमडमध्ये खेळाडू खरोखर जावास्क्रिप्टमध्ये स्क्रिप्ट लिहितात, आणि तिथला नवखा बहुतेक वेळा लुटला जातो तो कुलूप फुटून नाही, तर कुणीतरी दिलेली स्क्रिप्ट विश्वासाने चालवून. स्क्रिप्टला सुरक्षेच्या पायऱ्या आहेत, वरची फुलसेक, सगळ्यात खालची नलसेक, पायरी जेवढी खाली तेवढं ती स्क्रिप्ट तुमच्या अकाउंटमध्ये काय काय करू शकते ते वाढत जातं. ज्याने ती पायरी वाचली तो वाचला, ज्याने नाही वाचली तो गेला. हे मला आवडतं कारण यात दहा वर्षांचा जुना आणि दहा दिवसांचा नवा यांच्यात फरक फक्त एका सवयीचा आहे आणि ती सवय एका फटक्यात लागते. (ज्यांना वाटतं हे फक्त गेममध्ये होतं त्यांनी आठवा, "पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणणारा फोन तुमच्या वाडीत किती जणांना आलाय. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही. पुढच्या वेळी आठवा.)

आता कुणी म्हणेल की रीसेट करा सर्व्हर, सहा महिन्यांनी सगळ्यांची पाटी कोरी. मीपण एकेकाळी याच मताचा होतो. पण रीसेटने पैसे जातात, मशीन जातात, जुन्याच्या नोटपॅडमधला कोड कुठे जातो? तो पहिल्या तासाला सगळं पेस्ट करणार आणि संध्याकाळपर्यंत परत वरती. रीसेटचा फायदा होतो तो मधल्या खेळाडूला, ज्याला थोडं येतं. अगदी नवीन पोरगं होतं तिथेच राहतं.

ईव्ह ऑनलाईन हा हॅकिंगचा गेम नाही, अंतराळातला आहे, 2003 पासून चालू, पण या प्रश्नावर त्यांच्याइतकं डोकं कुणी लावलेलं मी बघितलं नाही. तिथे कौशल्यं खऱ्या घड्याळावर शिकली जातात, तुम्ही झोपलात तरी. म्हणजे 2003 वाल्याला 2023 वाला कधी गाठणारच नाही, बरोबर? चूक. प्रत्येक कौशल्य पाचव्या पायरीला संपतं. वीस वर्षं खेळलेला माणूस एका लहान जहाजावर बसला तर त्याला त्या जहाजापुरतं पाचाच्या वर काही मिळत नाही, आणि नवीन पोराने तेवढीच मोजकी कौशल्यं पाचपर्यंत नेली की आकड्यात दोघं सारखे. जुना वरचढ असतो तो पन्नास प्रकारची जहाजं चालवता येतात म्हणून, आणि अर्थात डोक्याने. शिवाय 2016 मध्ये त्यांनी कौशल्याचे पॉइंट विकत घ्यायची सोय आणली तेव्हा एकाच इंजेक्टरमधून, म्हणजे पॉइंटच्या एका पुडीतून, 50 लाख पॉइंटच्या आतल्या माणसाला 5 लाख पॉइंट आणि 8 कोटींच्या वरच्याला फक्त दीड लाख, असा उतार ठेवला. पैशाचा खेळ झाला म्हणून लोकांनी शिव्या घातल्या, माझ्यापण त्यात होत्या, पण उतार बरोबर होता हे मान्य करायला पाहिजे.

आणि तिथले पोलीस! सुरक्षित भागात तुमच्यावर कोणी हल्ला केला तर ते येतात आणि हल्ला करणाऱ्याचं जहाज उडवतात. तुम्हाला वाचवत नाहीत हां, तुम्ही मेलेले असलात तरी मेलेलेच. फक्त मारणाऱ्याला खर्चात पाडतात. मग तो आधी हिशोब करतो की समोरच्याच्या पोटात माझ्या जहाजाच्या किमतीपेक्षा जास्त माल आहे काय.

हे मी इतकं ठासून का सांगतोय, कारण मी स्वतः पलीकडच्या बाजूला होतो. गेमचं नाव घेत नाही. दुकान बंद करून घरी जाताना एक स्क्रिप्ट चालू ठेवून जायचो, रात्रभर ती बारकी बारकी अकाउंट शोधून साफ करायची. मोठ्या माणसाला फोडायला आठवडा लागायचा आणि वर तो माग काढत यायचा. चाळीस नवखे एका रात्रीत व्हायचे आणि एकही परत यायचा नाही. परत म्हणजे बदला घ्यायला नाही, गेममध्येच परत यायचा नाही. वर्षभरात त्या सर्व्हरवर आम्ही जुने तीसेक लोक उरलो, एकमेकांचे आयपी, म्हणजे मशीनचे पत्ते, पाठ, कुणाकडे काय आहे ते पाठ, आणि कुणीच कुणाला हात लावत नव्हतं. मग बंद पडला. समुद्रात एलईडी दिवे लावून माशांचा अख्खा घोळका उचलल्यासारखं केलं आम्ही.

मासेमारीवरून परत आठवलं. आमच्याकडे अजून काही ठिकाणी रापण लागते. होडी मोठा वेढा घेत जाळं सोडते, दोन्ही दोर किनाऱ्यावर, आणि मग माणसं दोन्हीकडून ओढतात. चाळीस पन्नास माणसं लागतात. आणि दोराला हात लावला की वाटा, लहान पोर असलं तरी त्याच्या टोपलीत मूठभर मासळी पडतेच. मी सात आठ वर्षांचा असताना नुसता दोराच्या शेवटाला लोंबकळायचो, माझ्या ओढण्याने काय होणार होतं? पण तिथे उभं राहून कळलं की लाट मागे जाताना ओढायचं नाही, पाय कुठे रोवायचे, आणि तांडेल, म्हणजे म्होरक्या, ओरडला की थांबायचं. कुणी बसवून शिकवलं नाही. जुन्या माणसांना हातांची गरज होती, एवढंच.

हॅकिंगच्या गेमला हे असं काहीतरी पाहिजे. जुन्याला नवख्याची गरज पडली पाहिजे. आणि ती पडेल अशी सोय या गेममध्ये जितकी सोपी आहे तितकी दुसरीकडे कुठे नाही. जुन्या खेळाडूचा पत्ता सगळ्यांना माहीत असतो, त्याच्या नावाने मोठ्या मशीनवर अलार्म लागलेले असतात. नवख्याचा पत्ता कोरा! 2001 च्या अपलिंकमध्ये, तो एकट्याने खेळायचा गेम, थेट घुसलात तर लगेच माग लागायचा, म्हणून पाच दहा मशीनवरून वळसे घेऊन जायला लागायचं. हेच खऱ्या माणसांच्या मशीनवरून करा ना. मोठ्या सर्व्हरवर चढाई करायची तर दहा कोऱ्या पत्त्यांवरून वळसा घ्यावाच लागेल, आणि ज्याच्या मशीनवरून गेलात त्याला ठरलेला वाटा आपोआप. मग जुना माणूस नवख्याला लुटणार नाही, उलट त्याला लॉग पुसायला शिकवेल, कारण त्या पोराच्या वहीत नाव राहिलं तर पकडला हा जाणार.

आणि दुसरं, लाईट गेली असताना लुटू नका राव. म्हणजे गेमने लुटू देऊ नये. मशीन बंद असेल तर थोडंच काढता यावं, बाकी चालू असताना काढा, समोर बसलेला असताना. पुण्या-मुंबईत बसून गेम बनवणाऱ्याला, किंवा परदेशात बसलेल्याला, हे सुचणारच नाही की ऑफलाईन जाणं ही काही लोकांची चूक नसते. निसर्ग वादळात 2020 ला दापोली-मंडणगडकडे कित्येक गावांत आठवडे लाईट नव्हती. तिथला एखादा पोरगा खेळत असला तर त्याचं काय राहिलं असेल.

असो. भाच्याला मी त्या दिवशी दोन गोष्टी दाखवल्या, लॉग कसा वाचायचा आणि पैसे तीन ठिकाणी कसे विभागायचे. त्याने विचारलं, "मामा, तू त्या चोराला उलट लुटून देशील?" म्हटलं नाही, तूच लूट. मग "हे खरं केलं तर?" असंपण विचारलं, तेव्हा आयटी कायद्याचं कलम 66 सांगितलं, तीन वर्षांपर्यंत आत किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गप्प बसला. विसर्जन झालं, कणकवलीला गाडीत बसवून दिला.

काल रात्री त्याचा स्क्रीनशॉट आला. कुणाचं तरी अकाउंट साफ केलेलं, खाली हसणारी चार तोंडं. बघितलं तर तीन चार दिवसांचा खेळाडू. मी विचारलं, किती मिळाले रे?

"काहीच नव्हतं त्याच्याकडे."

मग कशाला घुसलास?

"कुंपण उठलेलं दिसलं म्हणून."